२ एचपी कॉम्प्रेसर, नऊ महिन्यांचा अनुभव: मोटर घुमते पण उठत नाही

गॅरेज कराड-विटा रस्त्याला आहे. टू-व्हीलरची कामं, बाजूला वॉशिंगचा रॅम्प, आणि दिवसभर हवा भरायला येणारे. आधी १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर होता, टाकी ६० लिटरची. एक रिक्षा आणि पाठोपाठ ऊस ओढणारा ट्रॅक्टर आला की त्याचा जीव जायचा. म्हणून दसऱ्याआधी दोन दिवस हा नवा आणला, खंडेनवमीच्या पूजेत बसवता यावा म्हणून.

मशीन असं: २ एचपी, सिंगल फेज, दोन सिलिंडरचं हेड (हवा दाबणारा पंप), बेल्टवर चालणारं, टाकी १२० लिटर. भाडं धरून २८ हजारांच्या आत पडलं. लोकल असेंबल केलेला माल आहे. हेड एकाचं, मोटर दुसऱ्याची, प्रेशर स्विच (टाकीतला दाब बघून मोटर चालू-बंद करणारा) तिसऱ्याचा आणि टाकीवरचा स्टिकर चौथ्याचा, त्यामुळे नाव सांगून कुणाला फायदा नाही. रिकाम्या टाकीपासून १२० पीएसआयला जायला सात मिनिटांच्या आसपास लागतात, ८५-९० ला उतरला की आपोआप परत चालू होतो. पंक्चर, हवा, कार्बोरेटर फुंकणं, एअर फिल्टर साफ करणं एवढ्याला भरपूर. इम्पॅक्ट गन सलग चालवायची असेल तर मात्र धाप लागते, ती अपेक्षा ठेवू नका.

आता रडगाणं.

पहिली कुरबुर पंधरा दिवसांतच. आवाज नको म्हणून कॉम्प्रेसर शेडच्या मागच्या कोपऱ्यात ठेवला होता आणि पुढच्या बोर्डापासून तिथपर्यंत लाइटफिटिंगची उरलेली १ स्क्वेअरची (१ चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर ओढली होती, पंचवीसेक मीटर. सकाळी शेजारची पिठाची गिरणी चालू झाली की आमची मोटर नुसती ‘हुंऽऽ’ करायची आणि एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडायचा. दुपारी गिरणी बंद, तेव्हा मशीन शहाण्यासारखं चालायचं. मी चार दिवस गिरणीवाल्या काकांना मनातल्या मनात शिव्या दिल्या.

वायरमनने मीटर लावून दाखवलं. बंद असताना बोर्डावर २२५ व्होल्ट. स्टार्ट मारताना मोटरच्या टर्मिनलवर १६५. बाकीचे गेले कुठे? थोडे गिरणीच्या लोडमुळे, पण बरेचसे माझ्याच वायरीत. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना नऊ-दहा अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या पाच-सहा पट. १ स्क्वेअरच्या तांब्याला किलोमीटरला साधारण १८ ओहमचा रेझिस्टन्स असतो. जाऊन-येऊन ५० मीटर म्हणजे ०.९ ओहम. ५० अँपिअरला ४५ व्होल्ट तिथेच खाल्ले. आणि मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो, म्हणजे २३० ऐवजी १६५ मिळाले तर जोर जेमतेम निम्मा.

४ स्क्वेअरची वायर टाकली, तोच हिशेब अकरा-बारा व्होल्टवर आला. १६ अँपिअरचा बी टाइप एमसीबी काढून १६ चाच सी टाइप लावला, कारण बी टाइप त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या तीन ते पाच पटीत झटक्यात पडतो, सी पाच ते दहा पटीत, आणि मोटरचा स्टार्ट १६ च्या तीन-चार पट, म्हणजे बीच्या पट्ट्यात पण सीच्या खाली येतो. एमसीबी पडतोय म्हणून सरळ ३२ चा बसवणारे महाभाग आहेत. तसं करू नका, मग एमसीबीच्या आधी वायर जळते.

त्यानंतर तीन-चार महिने काही नाही. इथपर्यंत लिहिलं असतं तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

फेब्रुवारीच्या शेवटी कॉम्प्रेसर बंद झाल्यावर प्रेशर स्विचखालून सारखी ‘सूंऽऽ’ अशी हवा यायला लागली. बंद होताना दोन-तीन सेकंद ‘फुस्स’ होतं ते ठीक, पण हे थांबेचना. रात्री शटर ओढताना टाकी १२० वर, सकाळी शून्यावर. साबणाचं पाणी लावून बघितलं, तर स्विचच्या पोटाखालच्या बारीक पितळी व्हॉल्वमधून गळत होतं. आता मी स्वतः मिस्त्री. जिथून गळतंय तिथे बुजवायचं, एवढं साधं! एम-सीलची गोळी मळली आणि व्हॉल्वच्या तोंडावर थापली. गळती बंद. पोरांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून नवा खेळ सुरू. सकाळी रिकाम्या टाकीवर मशीन झक्क उठायचं, १२० पर्यंत जायचं, बंद व्हायचं. पण हवा वापरून काटा ९० ला आला आणि स्विचने मोटर परत लावली की हुंऽऽ, बेल्ट जागच्या जागी थरथरतोय, पाच सेकंदांत मोटरचं ओव्हरलोडचं लाल बटण बाहेर. टाकी पूर्ण सोडून दिली की पुन्हा उठणार. आम्ही आठवडाभर तेच करत बसलो. दर वेळी १२० लिटर टाकी रिकामी करायची आणि भरायची! बिलाचं सोडा, गिऱ्हाईक हवेसाठी सात मिनिटं उभं राहत नाही.

मोटरची जळलेली कॉइल नव्याने भरून देणाऱ्या एका रिवायंडिंगवाल्याला बोलावलं. त्याने मोटरला हात लावला, “गरम आहे, वायंडिंग गेलंय, भरून घ्या,” म्हणाला, ४,५०० सांगितले. मोटर गरम होणारच की, दिवसभर अडकून घुमतेय! पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मोटर खोलून त्याच्या टेंपोत टाकायचीच बाकी होती.

तेवढ्यात आमचे जुने तात्या त्यांची एम-एटी दाखवायला आले. पूर्वी एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी मशीन चालू करायला लावलं, १२० ला बंद झालं, आणि विचारलं, “बंद होताना फुस्स का नाही झालं रं?”

मी अभिमानाने एम-सील दाखवलं. तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते इथे लिहीत नाही.

गोष्ट अशी आहे. मोटर बंद होते तेव्हा हेड आणि टाकी यांच्यामधल्या तांब्याच्या पाइपात दाबलेली हवा कोंडून राहते. मी बुजवलेला तो बारीक व्हॉल्व म्हणजे अनलोडर. स्विच बंद होताच तो उघडतो आणि ती कोंडलेली हवा सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी पिस्टनसमोर काही नसतं. मोटर आधी मोकळी वेग धरते आणि मग तिच्यावर भार येतो. टाकीतली हवा उलटी येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडावर नॉन रिटर्न व्हॉल्व (एनआरव्ही) असतो. अनलोडरमधून हवा थांबतच नसेल तर अनलोडर बिघडलेला नसतो, बहुतेक वेळा तो एनआरव्ही गळत असतो. टाकी उलट्या वाटेने रिकामी होते आणि अनलोडरचं तोंड उघडं असल्यामुळे आवाज तिथून येतो. मी तोंड बंद केलं. आत गळायचं ते गळतच राहिलं, फक्त आता हेडवर कायम ९० पीएसआय बसून. त्या दाबाविरुद्ध सिंगल फेज मोटर उठत नाही.

प्लग काढला, ड्रेन कॉक उघडून काटा शून्यावर आणला (भरल्या टाकीवर एनआरव्ही सैल करायचा नाही, तो गोळीसारखा उडतो) आणि मोठ्या पान्याने एनआरव्ही खोलला. आत एक स्प्रिंग आणि पांढरी चकती. चकतीवर सीटचा गोल वळ उमटलेला आणि त्या वळावर मोहरीएवढा काळा कार्बनचा खडा रुतून बसलेला. खडा नखाने निघाला, खड्डा राहिला. अख्खा एनआरव्ही नवीन ३०० रुपयांना मिळाला. अनलोडरमधलं एम-सील सुईने कोरून काढायला मात्र अर्धा दिवस गेला.

एवढ्यावर भागलं नाही. आता मोटर उठायची, पण कधी जोरात, कधी मरगळून. आठवडाभर अडकून घुमल्याने स्टार्टिंगचा, म्हणजे मोटरला उठताना जोर देणारा, कंडेन्सर फुगला होता, वरचं झाकण पुरीसारखं. जुन्यावर १५०-२०० एमएफडी, २७५ व्होल्ट लिहिलेलं, तसाच आणला. दुकानात नुसतं ‘२ एचपीचा कंडेन्सर’ मागितलात तर रनिंगचा हातात पडायची शक्यता आहे, म्हणून जुना सोबत न्या. आणि काढण्याआधी पिन काढून, लाइनला न जोडलेल्या एका सुट्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावा, नाहीतर तो हाताला दणका देतो.

कार्बन आला कुठून, तेही तात्यांनीच काढलं. गॅरेजवाल्याकडे ऑइलला काय तोटा? डिसेंबरमध्ये मी हेडमध्ये उरलेलं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल ओतलं होतं, काचेतल्या लाल ठिपक्याच्या बरंच वर. जादा ऑइल रिंगांवरून वर चढतं, व्हॉल्व प्लेटवर जळतं, त्याच्या खपल्या हवेबरोबर पुढे जातात आणि पहिली अडचण एनआरव्हीची. आता कॉम्प्रेसरचंच ऑइल वापरतो आणि लेव्हल ठिपक्याच्या मध्यावर ठेवतो.

तुमचा कॉम्प्रेसर उठत नसेल तर आधी टाकी रिकामी करून चालू करा. रिकाम्यावर उठतो आणि भरल्यावर अडतो, तर मोटरला हात लावू नका, एनआरव्ही आणि अनलोडर बघा. रिकाम्यावरही घुमत असेल तर पिन काढून बेल्ट उतरवा आणि हेडची पुली हाताने फिरवा. फिरत नसेल तर हेड जाम. फिरत असेल तर बेल्टशिवाय मोटर लावून बघा. तेव्हाही नुसती घुमली तर आधी तिच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. ते ठीक असेल तर कंडेन्सर किंवा आतला सेंट्रिफ्युगल स्विच (मोटरने वेग धरला की स्टार्टिंगचा कंडेन्सर तोडणारा). चांगल्या मोटरमध्ये बंद केल्यावर वेग उतरताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो नाही आला तर तो स्विच नीट काम करत नाही. ह्या सगळ्यानंतर वायंडिंग. माझ्याकडे रिवायंडिंगवाल्याने सुरुवातच शेवटून केली होती.

बेल्टचंही एक. उठताना किंचाळतो म्हणून मी तो ताणून तबल्यासारखा केला होता, त्याने मोटरच्या बेअरिंगवर आणखी जोर येतो. अंगठ्याने दाबून सेंटिमीटरभर दबला पाहिजे.

पावसाळ्यात ड्रेन कॉकमधून रोज अर्धा पेला तांबूस पाणी निघतं. पोरं विसरतात, म्हणून संध्याकाळच्या झाडलोटीबरोबर ते काम लावून दिलंय.

मशीनला किती स्टार? हेड उत्तम, टाकीची जोडकामं उत्तम, प्रेशर स्विच ठीक. सोबत दिलेला कागद फक्त इंग्रजीत आणि त्यात अनलोडरबद्दल एक ओळ नाही, त्याचा एक कापतो. म्हणजे चार. थ्री फेज कनेक्शन असेल तर थ्री फेजचाच घ्या, कंडेन्सरची कटकटच नाही. बेल्टच्या जाळीचा एक क्लॅम्प पहिल्या महिन्यातच तुटला, विक्रेत्याने दुसरा पाठवतो म्हणून सांगितलंय. तोवर तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा बांधलाय.