दहापट भिंग आणि यूव्ही टॉर्च : वाघोलीच्या निळ्या खनिजासोबत आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी दोन वस्तू घेतल्या. एक दहापट मोठं दाखवणारं ट्रिपलेट (तीन काचा जोडून केलेलं) भिंग, दुसरी ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांची टॉर्च. दोन्ही घेतल्या कॅव्हान्साइटसाठी. पुणे-नगर रस्त्यावरच्या वाघोलीच्या दगडखाणींत निघणारं हे निळं खनिज. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांतून त्याचं नाव जुळवलंय. ते आधी सापडलं अमेरिकेत, ओरेगनमध्ये. पण संग्राहकांना हवे असतात ते वाघोलीचेच नमुने.

भिंग डोळ्याला टेकवायचं आणि दगड साधारण अडीच सेंटीमीटरवर आणायचा. सवय व्हायला दोनेक आठवडे गेले. मग मात्र साध्या डोळ्यांना निळा गोळा वाटणारी गोष्ट उलगडते: मधल्या एका बिंदूपासून चहूबाजूंनी फुटलेली बारीक पाती, खालच्या स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर घट्ट बसलेली. किंमत इथेच ठरते. टोकं शाबूत आहेत का, रंग गडद आहे का, फूल पूर्ण गोल आहे की एका बाजूने घासलंय? सेंटीमीटरभराचं अख्खं फूल मला मोठ्या पण झिजलेल्या फुलापेक्षा केव्हाही मोलाचं वाटतं.

टॉर्चने तर माझे पैसे वाचवले. घरात आधीच असलेला एक नमुना अंधारात धरला, तर फुलाच्या बुडाशी निळसर-पांढरं कडं उजळलं. भिंगातून तिथे बारीक बुडबुडे दिसले. डिंक! सुटलेलं फूल दुसऱ्या दगडावर चिकटवलेलं होतं. जोडलेला नमुना विकायला माझी हरकत नाही, पण ते सांगून विकावं. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पैसे अखंड नमुन्याचे मोजले होते. याचा राग अजून गेलेला नाही.

तरी टॉर्चच्या भरवशावर निकाल देऊ नका. काही कॅल्साइट खनिजही चमकतं आणि काही डिंक मुळीच चमकत नाहीत. स्वस्तातली ३९५ नॅनोमीटरची टॉर्च घेऊ नका, तिच्या जांभळ्या उजेडात फिकी चमक बुडून जाते. डोळ्यांवर यूव्ही चष्मा हवाच.

पेंटागोनाइटपुढे दोन्ही साधनं तोकडी पडतात. त्याचं रासायनिक सूत्र कॅव्हान्साइटचंच, फक्त अणूंची रचना वेगळी. तेही वाघोलीत मिळतं, जास्त दुर्मीळ आणि महाग. लांब, भाल्यासारखी पाती आणि पाच पाकळ्यांची जुळी रचना दिसली तर शंका घ्यायला जागा आहे. खात्री मात्र प्रयोगशाळेतल्या रामन (लेझरच्या उजेडाने होणाऱ्या) किंवा एक्स-रे तपासणीनेच. नमुन्यासोबतच्या नुसत्या नावाच्या चिठ्ठीवर जास्त पैसे देऊ नका.

टॉर्चची बॅटरी अजून उत्तम आहे. भिंगाचा स्क्रू एकदा ढिला झाला, घट्ट केला. आता खरेदीच्या वेळी दोन्ही पर्समध्ये असतात, शिवाय एक काळं कापड. विक्रेत्याला विचारून ते डोक्यावर घेते आणि आधी फुलाचं बूड पाहते.