रोमन काळातील यहूदियाचा भिंतीवरचा नकाशा
यहूदियाचा, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइन भागातल्या प्राचीन ज्यू प्रदेशाचा, हा नकाशा गेले सहा महिने मी अभ्यासासाठी वापरत आहे. गालील आणि जॉर्डन नदीपलीकडचा पेरिया हे एकमेकांपासून तुटक असलेले भाग एकाच हिरव्या रंगात दाखवल्यामुळे, इ.स.पू. ४ मध्ये यहूदियाचा हेरोद राजा वारल्यावर ते दोन्ही त्याच्या अँतिपास या मुलाच्या वाट्याला आले, हे चटकन समजते. इ.स. ६ पासून यहूदियावर नेमलेला रोमन अधिकारी जेरुसलेमऐवजी कैसरिया या बंदरातून कारभार पाहत असे, हेही किनाऱ्यावरच्या ठळक लाल खुणेमुळे ध्यानात राहते. रोमनांनी वेढलेल्या मसादा या ज्यू बंडखोरांच्या डोंगरी किल्ल्याभोवतीच्या रोमन छावण्यांचे इवले चौकोन तर भिंगाखाली फारच देखणे दिसतात. मात्र यहूदियाला बऱ्याच नंतर, इ.स. १३५ च्या सुमारास मिळालेले ‘सीरिया पॅलेस्टिना’ हे प्रांतनाम याच नकाशावर छापणे मला अजिबात पटलेले नाही. विद्यार्थ्यांचा त्याने घोटाळा होतो. कागद जाड आहे, घडीवर फाटत नाही.