शनिवारची पाळी: कॉलेजच्या मुलांनी प्राण्यांच्या निवाऱ्यात जावं का?

पुण्याच्या वेशीवरच्या एका निवाऱ्यात कॉलेजच्या मुलांसाठी शनिवारी सकाळी तीन तासांची पाळी असते. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे 120 तास भरायला बरेच जण येतात. जावं का? जरूर जावं. मात्र कुत्र्यांशी खेळायला मिळेल म्हणून गेलात तर पहिले चार शनिवार हिरमोड होईल. नव्या मुलाच्या हातात इथे पट्टा देत नाहीत, खराटा देतात. हीच या जागेची सगळ्यात चांगली गोष्ट.

साफसफाई शिकावी तर इथे. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा रोग; त्याचा विषाणू फिनेलला दाद देत नाही आणि जमिनीत महिनोन् महिने तग धरतो. म्हणून आधी विष्ठा आणि सांडलेला भात उचलायचा, मग साबणाच्या पाण्याने फरशी घासायची आणि त्यानंतर ब्लीच: 3 लिटर पाण्यात 100 मिली. फरशी 10 मिनिटं ओलीच राहू द्यायची, मग धुवायची. मुलं घाईने लगेच वायपर फिरवतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. घाणीवरच ब्लीच ओतलं तरी उपयोग शून्य, कारण त्याचा जोर घाणीतच संपतो. द्रावण रोज ताजं करतात, कालचं वापरत नाहीत. संडास धुवायचं अ‍ॅसिड त्या बादलीच्या जवळपासही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. मांजरांच्या खोलीत फिनेलला पूर्ण बंदी आहे, कारण मांजर पंजे चाटते आणि फिनेलमधलं फिनॉल तिच्या शरीराला पचवता येत नाही.

पिंजऱ्यांचा क्रमही ठरलेला: आधी लसी पूर्ण न झालेली पिल्लं, मग निरोगी मोठी कुत्री, सर्वात शेवटी आजारी. उलटं गेलात तर बुटांच्या तळव्यातून रोग थेट पिल्लांपर्यंत पोचतो. आजारी विभागाची बादली, खराटा, गमबूट वेगळे, सगळ्यांवर लाल चिकटपट्टी.

पिल्लांना दूध पाजणं मुलांना तिसऱ्या महिन्यात शिकवतात, तेही नीट. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, दूध नंतर. थंड अंगाला दूध पचत नाही. पाजताना पिल्लू पोटावर, मान किंचित वर. बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. नुसतं गाईचं दूध दिलं की जुलाब लागतात, म्हणून पिल्लांची दूध पावडर वापरतात. अगदी लहान पिल्लाला पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हलकेच फिरवावा लागतो, तेव्हा कुठे ते शू करतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. रेबीजची लस आधीच घेतली आहे का, हे अर्जावर विचारतात, पण 'नाही' लिहिलं तरी आत सोडतात. हे चुकीचंच आहे. लस 0 (म्हणजे पहिल्या डोसचा दिवस), 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी अशी तीनदा घ्यायची असते. जुलैत यायचं तर जूनच्या सुरुवातीलाच दवाखाना गाठा. लस घेतलेली असली तरी चावा लागला की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांकडे जायचंच. फरक एवढाच की अशा वेळी 0 आणि 3 या दिवसांचे दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. आणि हात धुवायचा नळ पार स्वयंपाकघराच्या मागे, तिथे साबणही नाही. पिंजऱ्यांच्या रांगेजवळ एक नळ बसवायला फार खर्च येत नाही.

जेवणाच्या वेळी माणसं कमी पडतात, हे दुसरं. एका कुंपणात पाच कुत्री आणि भांडी जवळजवळ ठेवली की झुंज ठरलेली. भांडी भिंतीलगत लांब-लांब ठेवावीत, ती ठेवायला दोन जण असावेत. तरीही जुंपली तर मध्ये हात घालू नका. पाण्याची भरलेली बादली दाराशी तयार ठेवा, ती ओता.

जाताना पूर्ण पायघोळ पँट, बंद बूट आणि कपड्यांचा जादा जोड न्या. घरी कुत्र्याचं पिल्लू असेल तर बूट दाराबाहेर काढा आणि आंघोळ केल्याशिवाय त्याला उचलू नका.