पीएल/पीजीएसक्यूएलचं 'सिलेक्ट इंटू': कामाचं आहे, पण 'स्ट्रिक्ट' लावूनच

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या पीएल/पीजीएसक्यूएल भाषेत लिहिलेल्या फंक्शनमध्ये क्वेरीचा निकाल व्हेरिएबलमध्ये घ्यायला 'सिलेक्ट इंटू' सुटसुटीत आहे. व्हेरिएबलला '%टाइप' दिलं की कॉलमचा डेटाटाइप पुढे बदलला तरी डिक्लेरेशन बदलावं लागत नाही. आख्खी रो हवी असेल तर '%रोटाइप' किंवा 'रेकॉर्ड' आहेच. व्हेरिएबल आणि कॉलम यांचं नाव एकच ठेवलंत, तर पोस्टग्रेस अंदाज बांधत बसत नाही, सरळ एरर देतो. हे फार चांगलं आहे.

माझी तक्रार त्याच्या मूळ वागणुकीबद्दल आहे. एकही रो सापडली नाही तर व्हेरिएबलमध्ये गुपचूप नल (म्हणजे 'किंमतच नाही') जातं. अनेक सापडल्या तर पहिली ठेवून बाकीच्या सोडून दिल्या जातात, आणि 'ऑर्डर बाय' नसेल तर 'पहिली' कोणती याची काहीच हमी नसते. समजा मोबाइल नंबरवरून ग्राहकाचं खातं शोधताय आणि त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) नाही. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरने आज इंडेक्स घेतला, उद्या सीक्वेन्शियल स्कॅन (आख्खं टेबल वाचणं), की खातं बदललं! एरर मात्र कुठेच नाही.

ओरॅकलवरून येणाऱ्यांना हे सर्वांत जास्त नडतं. तिथे याच दोन परिस्थितींत ओआरए-०१४०३ आणि ओआरए-०१४२२ हे एरर आपोआप येतात. कोड जसाच्या तसा आणला तर 'नो डेटा फाउंड'चा एक्सेप्शन ब्लॉक जागेवर असतो, पण त्या क्वेरीसाठी तो कधीच चालत नाही. 'इंटू'च्या पुढे 'स्ट्रिक्ट' लिहा, म्हणजे रो नसेल तर पी०००२ आणि जास्त असतील तर पी०००३ हे एरर मिळतील. 'लिमिट १' हा उपाय नव्हे, त्याने जास्तीच्या रो फक्त झाकल्या जातात.

'फाउंड' (रो सापडली का ते सांगणारं तयार व्हेरिएबल) तपासून भागवायचं असेल तर दोन ठिकाणी जपा. 'मॅक्स' किंवा 'सम'सारखं नुसतं अ‍ॅग्रिगेट (ग्रुप बाय नसलेलं) नेहमी एक रो देतं, त्यामुळे टेबल रिकामं असलं तरी 'फाउंड' ट्रूच येतं. तिथे नल तपासा. आणि डायनॅमिक 'एक्झिक्यूट'ने (चालताना मजकुरातून तयार केलेली क्वेरी चालवणाऱ्या स्टेटमेंटने) 'फाउंड' बदलतच नाही, त्यामुळे आधीच्या स्टेटमेंटचीच किंमत हाती येते. त्यासाठी 'गेट डायग्नॉस्टिक्स'ने 'रो_काउंट' घ्या.

'इन्सर्ट', 'अपडेट', 'डिलीट'च्या 'रिटर्निंग इंटू'ला मात्र पूर्ण गुण: एकाहून जास्त रो आल्या तर 'स्ट्रिक्ट' नसतानाही एरर येतो.

जुना कोड तपासायचा असेल तर पोस्टग्रेसच्या आवृत्ती १२ पासून 'एक्स्ट्रा_एरर्स' या सेटिंगमध्ये 'टू_मेनी_रोज' चालू करता येतं. आधी टेस्ट सर्व्हरवर लावा.