घर ते दुकान फायली न्यायला गुगल ड्राइव्ह : माझा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारात आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि लग्नपत्रिकांची डिझाईनं मी रात्री घरी करते, त्यामुळे फायली इकडून तिकडे न्यायचं काम रोजचंच. दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात त्या मशीनला आपला लावला की व्हायरस आलाच समजा, म्हणून आता सगळं गुगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायच्या गुगलच्या जागेत. 15 जीबी फुकट मिळतात, ड्रॉपबॉक्स या तशाच दुसऱ्या सेवेत 2च, पण या 15 मधेच जीमेल आणि फोटोपण धरलेले असतात, फोनचा बॅकअप चालू असेल तर जागा भराभर जाते. डेस्कटॉपचं ॲप टाकलं की घरी सेव्ह केलेली फाइल दुकानात दिसते, फक्त घरचं मशीन बंद करायच्या आधी अपलोड पूर्ण झालंय का ते बघायचं.

मला सगळ्यात आवडलं ते जुनं व्हर्जन परत मिळणं, गिऱ्हाईक "ताई, आधीचीच बॉर्डर बरी होती हो" म्हणालं की लगेच काढून देते! साधारण 30 दिवसांपर्यंतचं मिळतं. आणि हो, फॉन्टपण त्याच फोल्डरमधे टाका आणि दुसऱ्या मशीनवर इन्स्टॉल करा, नाहीतर तिथे मराठी अक्षरांचे नुसते चौकोन दिसतात. लग्नाच्या मोठ्या व्हिडिओला मात्र हार्डडिस्कच बरी.