नवी पेठेतलं गुन्हेकथांचं कपाट

सोलापूरच्या नवी पेठेतल्या या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गुन्हेकथा विकत मिळतात, तशा भाड्यानंही. संग्रह दांडगा, मांडणी गचाळ. भूतबंगले, चतुर गुप्तहेर आणि हप्त्यात बुडालेला पीएसआय, सगळे एकाच फळीवर कोंबलेत. खाकीतली काळी बाजू वाचायची असेल तर मलपृष्ठावर विसंबू नका. तिथे सगळंच 'थरारक' असतं.

पुस्तक थेट अटकेच्या प्रकरणात उघडा. कोठडीत बडवलं, कबुली घेतली, केस सुटली, असं असेल तर परत फळीवर. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. आरोपीच्या सांगण्यावरून जो मुद्देमाल निघाला, तेवढ्यापुरतंच त्याचं बोलणं चालतं. म्हणून जाणकार लेखक मारहाणीपाशी रेंगाळत नाही, पंचनाम्यावर येतो. सुरा जागेवरच सीलबंद झाला का? स्टेशन डायरीत वेळ काय पडली? उचललं रात्री आणि अटक दाखवली दुसऱ्या संध्याकाळी, म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या २४ तासांचा हिशेब खोटा. साहेबांचा नेहमीचा पंच चौथ्या केसमध्येही उभा राहिला की बचावाचा वकील त्याला उलटतपासणीत सोलून काढतो. अधिकाऱ्याची खोट अशी त्याच्याच केसच्या मुळावर यायला हवी. नुसती दारू आणि मोडलेला संसार कोणीही लिहितं.

सोलापुरात घडणारी कादंबरी हाती लागली तर हद्द तपासा. शहराला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे जोडभावी पेठेतल्या खुनाचा समांतर तपास शहर गुन्हे शाखा करेल. एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, ग्रामीण एसपींची; पंढरपूर, बार्शी तिच्याकडे. कथानक १ जुलै २०२४ नंतरचं आणि ताज्या खुनाला जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२ लावलेलं असेल तर लेखकानं जुनीच एफआयआर समोर ठेवलीय. आता तिथे न्याय संहितेचं १०३ लागतं.

दुकानाची खरी गोची बांधणीत आहे. स्वस्त पेपरबॅक नुसत्या डिंकावर चिकटवलेले असतात, कपाट पत्र्याखाली, आणि सोलापूरचा एप्रिल-मे. डिंक वाळून तडकतो, पाठ मोडते, पानं सुटतात. पुस्तक मधोमध १८० अंशांत उघडून बघू नका, तिथूनच तुटेल. शिवलेल्या बांधणीची जुनी प्रत दिसली तर पिवळी पडलेली असली तरी तीच घ्या. तिथे धोका वेगळा, अख्खा फॉर्मच, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेला पानांचा जुडगा, गळालेला असतो. सहसा १६ पानं, आणि रहस्यकथेत नेमकी शेवटची. पानांचे आकडे गल्ल्यावरच चाळा.

भाड्यानं नेताना पावतीवर गहाळ पानांची नोंद करून घ्या. नाहीतर परत करताना ती तुमच्या अनामतीतून कापली जातात.