शकुंतला, प्रवासी गाडी की कोळशाची रेक: शनिवार-रविवारच्या छोट्या रेल्वेसाठी कोणतं माप घ्यावं?

विदर्भात खेड्यावर किंवा तालुक्याच्या गावी राहून घरात छोटी रेल्वे बांधायची असेल, तर सगळ्यात आधी माप ठरवावं लागतं. एकदा रूळ घेतले की डबे त्याच मापाचे, स्टेशन त्याच मापाचं, स्टेशनामागचा कडुनिंबही त्याच मापाचा. मध्येच मन बदललं तर पैसे आणि मेहनत दोन्ही पाण्यात. त्यातून वेळ मिळतो तो शनिवारची संध्याकाळ आणि रविवार, तोही पेरणी, वेचणी आणि लग्नसराईतून उरलेला. म्हणून खालचे तिन्ही पर्याय मी एकाच गोष्टीवर तोलले आहेत: रविवारी रात्री फळी उचलून ठेवताना तिच्यावर काहीतरी पुरं झालेलं दिसतं का?

पहिला पर्याय एन. प्रमाण १:१६०, दोन रुळांमधलं अंतर ९ मिलिमीटर. दुसरा एचओ, १:८७ आणि १६.५ मिलिमीटर. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर हे माप लगेच येईल. तिसरा एचओई, म्हणजे डबे, माणसं, घरं सगळं १:८७ चं, पण रूळ मात्र एनचे, ९ मिलिमीटरचे. ही व्यवस्था मुळात नॅरोगेजसाठी, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेसाठी आहे.

आधी गेजचा हिशोब

गेज म्हणजे खऱ्या रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. तिला ८७ ने भागलं तर १९.३ मिलिमीटर यायला हवेत, पण एचओचा रूळ १६.५ वरच थांबतो. हे माप युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून ठरलेलं आहे. पावणेतीन मिलिमीटरची तूट बाजूने लक्षात येत नाही. समोरून पाहिलं की मात्र इंजिन रुळांच्या मानाने फारच रुंद वाटतं. एनमध्ये साडेदहा हवेत, मिळतात नऊ. तिथे गाडीच इतकी लहान असते की डोळा सहज माफ करतो.

आता वऱ्हाडातली नॅरोगेज गाडी, शकुंतला घ्या. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, गेज ७६२ मिलिमीटर. ८७ ने भागा, ८.७६ येतात. हातात असलेला रूळ ९ चा. फरक पाव मिलिमीटरचा! नॅरोगेज सोडून बाजारातल्या तयार रुळांवर मापाला जवळपास बसणारी आपल्याकडची लाइन शोधायची, तर अकोला-खंडवा मीटरगेजकडे जावं लागतं. तिच्या १००० मिलिमीटरला १:८७ मध्ये साडेअकरा हवेत आणि १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात. धूळघाटला ही लाइन फेरा घेऊन स्वतःलाच ओलांडत चढायची. तो फेरा कुणी घरात बांधला तर मी मुद्दाम पाहायला जाईन, पण पहिल्या कामासाठी तो कुणालाही सुचवणार नाही.

एन: शनिवारीच गाडी धावते

एनचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे वेग. कातोच्या युनिट्रॅकसारखे रूळ खाली गिट्टीचा तयार बांध घेऊनच येतात आणि एकमेकांत खटकन बसतात. २४९ मिलिमीटर त्रिज्येची वळणं घेतली तर पूर्ण वाटोळं दोन फूट बाय चार फुटांच्या फळीवर आरामात मावतं. दुपारी खोका उघडला तर दिवेलागणीला गाडी फिरत असते. घरच्यांना हे कौतुक पहिल्याच दिवशी दाखवता येतं, आणि त्याचं मोल कमी समजू नका. पुढे फळी कुठे ठेवायची याचा निकाल घरचेच लावणार असतात.

लांब गाड्यांचं वेड असेल तर एनला पर्यायच नाही. वणी-चंद्रपूरकडून कोळसा भरून जाणारी, वरून उघड्या बॉक्सएन वाघिणींची रेक डोक्यात असेल, तर एक वाघीण खऱ्यात पावणेअकरा मीटरच्या आसपास, म्हणजे एनमध्ये ६७ मिलिमीटर. वीस वाघिणी सव्वा मीटरच्या थोड्या वर जातात. एचओमध्ये त्याच वीस वाघिणींना जवळपास अडीच मीटर लागतात, एवढी सरळ भिंत किती घरांत रिकामी असते? मात्र दोन बाय चारच्या फळीवर वीस वाघिणी लावल्या तर निम्मं वाटोळं गाडीनेच भरतं आणि इंजिन शेपटाच्या मागे लागल्यागत दिसतं. तिथे आठ-दहा वाघिणी शोभतात.

अडचण दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. गाडी धावली, पण आजूबाजूला उघडं प्लायवूड. ती सगळी फळी जमीन, वावर, धुरे, झाडं यांनी भरायची, आणि प्रत्येक वस्तू इवलीशी. माणूस सेंटिमीटरभर उंच, बैल त्याहून कमी. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना भिंग लावल्याशिवाय गत्यंतर नाही. रविवारभर बसून वीतभर जमीन होते आणि फळी तरीही उघडीच दिसते. त्यामुळे एनची पहिली उडी सर्वात मोठी असली, तरी पुढचे आठवडे सर्वात संथ जातात. ज्याला गाडी धावताना बघत बसायला मनापासून आवडतं, त्याला याचं काही वाटणार नाही.

एचओ: हाताला बरं, घराला जड

एचओचं इंजिन हातात घेतलं की वजन जाणवतं. एनचं इंजिन शंभर ग्रॅमच्या आसपास, तर एचओचं त्याच्या तिप्पट-चौपट. वजनामुळे चाकं रुळाला घट्ट टेकतात आणि थोडी धूळ असली तरी गाडी अडत नाही. आठ-दहा वर्षांची मुलं बरोबर काम करणार असतील तर हेच माप घ्या. रुळावर डबा चढवणं त्यांना जमतं, तुटलेली पायरी चिकटवताही येते. भारतीय रेल्वेच्या इंजिनांची, डब्यांची मॉडेलं करणारे काही देशी निर्मातेही या मापात आहेत.

पण जागा! लहानातलं लहान प्रचलित वळण ३६० मिलिमीटर त्रिज्येचं, आणि लांब प्रवासी डब्यांना तेही अपुरं पडतं. वाटोळं करायचं तर चार बाय सहा फूट, म्हणजे जवळजवळ दिवाण. पाहुणे आले की तो हलवायचा कुठे? वाटोळं सोडून नुसतं शंटिंगचं यार्ड केलं तरी ब्रॉडगेज वाघिणींना साडेपाच फूट लांब फळी लागते. ज्यांच्याकडे जुना वाडा आहे, माडी रिकामी आहे, त्यांनी एचओचा विचार जरूर करावा.

एचओई: शकुंतलेची फळी

माझा कौल इकडे आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

किलिक-निक्सन कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन घातली ती वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी. मँचेस्टरला बनलेली वाफेची इंजिनं १९९४ पर्यंत तिच्यावर धावली, मग डिझेल आलं. छोटी स्टेशनं, दोन-तीन लाइनींचं यार्ड, मालधक्का, मोजके डबे. म्हणजे मूळ रेल्वेच एका फळीवर मावण्याजोगी. चार फूट लांब, एक फूट रुंद, १२ मिलिमीटरचं प्लाय, वर थर्माकोलचा थर. काम संपलं की जुन्या चादरीत गुंडाळून गोदरेज कपाटावर.

आखणीसाठी इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांचं इंगलनूक यार्ड घ्या. दोन सांधे (गाडी एका लाइनीवरून दुसरीवर वळते त्या जागा), तीन लाइनी: एका लाइनीत पाच वाघिणी, बाकी दोघींत तीन-तीन. एकूण आठ वाघिणी ठेवायच्या, चिठ्ठ्या काढून त्यातल्या पाच ठरवायच्या आणि चिठ्ठ्यांच्याच क्रमाने त्यांची गाडी जुळवायची. पाचांचे असे ६७२० क्रम होतात, म्हणून खेळ शिळा होत नाही. नॅरोगेजच्या आखूड वाघिणींमुळेच हे सगळं चार फुटांत बसतं.

पहिल्या शनिवार-रविवारी फक्त रूळ, दोन सांधे आणि एनची एक छोटी तयार चेसी, म्हणजे इंजिनाचा मोटार-चाकांचा सांगाडा. अंग नसलेली ती चेसी पुढेमागे चालवून बघायची. दुसऱ्या आठवड्यात जमीन, आणि इथे आपल्या काळ्या मातीसारखी दुसरी वस्तू नाही. वावरातलं ढेकूळ वाळवून कुटायचं, मैद्याच्या चाळणीतून गाळायचं, कागदावर पसरायचं आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लोहचुंबक त्यावरून फिरवायचं. चुंबकाला बारीक काळी कणी चिकटून येते. आपली माती बेसाल्टच्या झिजेतून झालेली, तिच्यात लोहाचे चुंबकीय कण असतात. ते तसेच राहिले तर मोटार त्यांना ओढून घेते आणि दातेचक्रांत रवाळ आवाज सुरू होतो. कणी संपेपर्यंत चुंबक फिरवत राहा. मग माती स्लीपरांच्या वरपर्यंत पसरा, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकलेलं पाणी बारीक फवारा आणि पाण्यात कालवलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडा. एनचे स्लीपर नॅरोगेजसाठी लहान आणि दाट दिसतात, हा या मापाचा ठळक दोष. मातीने आणि गवताने तो झाकला जातो, आणि खरी शकुंतलाही गवतातूनच जायची.

त्यानंतर दर रविवारी एक वस्तू पुरी होते. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचं मालगोदाम. त्याच्या छताला औषधाच्या पट्टीची चांदी उवांच्या बारीक फणीवर दाबली की पन्हाळी पत्रा जवळपास बरोबर मापात उतरतो. तुराटीच्या बुडख्याचं बाभळीचं खोड. एमसीलचे बैल, खांद्यापाशी दीड सेंटिमीटर उंच, आणि त्यांची बंडी. कापसाच्या गाठी लाकडाच्या सेंटिमीटरभर तुकड्यांच्या, वर चहात बुडवून वाळवलेली बँडेजची जाळी आणि शिलाईच्या दोऱ्याचे आवळे. एनमध्ये हीच गाठ मुगाच्या दाण्याएवढी होते आणि दोऱ्याचा आवळा दिसेनासा होतो. १:८७ मध्ये तो दिसतो.

आता तोटे. शकुंतलेचं तयार इंजिन मिळेल असं धरून चालू नका, अंग आपल्यालाच बनवायचं आहे. वाफेच्या इंजिनाच्या नादी आत्ताच लागू नये. चौकोनी डिझेल कागदात किंवा प्लास्टिकच्या पत्र्यात दोन-तीन रविवारांत होतं. दुसरं, छोटी चेसी हलकी असते आणि सांध्याच्या मधोमध प्लास्टिकचा तुकडा असेल तर तिथे हमखास अडते. सांधे घेताना तो भाग धातूचा आणि वीज वाहणारा आहे ना, हे विचारूनच पैसे द्या. इंजिनात शिशाचा तुकडा बसवून वजन वाढवा.

ऊन, धूळ आणि वीज

तिन्ही मापं १२ व्होल्ट डीसीवर चालतात. वीज गेली तरी काम थांबायला नको, आणि त्याची सोय घरातच असते: बॅटरीवाल्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी. ८ अँपिअर-अवरची बॅटरी एनच्या किंवा एचओईच्या एका इंजिनाला अख्खा रविवार पुरते. मध्ये मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं कंट्रोलर हवं, आणि एक अँपिअरचा फ्यूज हवाच हवा. डबा घसरून रूळ शॉर्ट झाले तर ही बॅटरी वायर लाल करू शकते. फ्यूजशिवाय मुलांच्या हाती देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये दुपारी घराबाहेर पडवत नाही, म्हणून कामाला वेळ मिळतो, पण सामान त्रास देतं. फेविकॉल मातीत मुरायच्या आत वर साय धरतं, म्हणून आधी पाणी सढळ फवारा. मीटरभर रूळ हिवाळ्याच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. जानेवारीत रूळ जोडताना तेवढी फट ठेवा. थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचं अंग काढून आणलं असेल तर ते पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका. साठ अंशांजवळ हे प्लास्टिक नरम पडतं आणि छत वाकतं. कूलरच्या झोतात कागदी इमारती फुगतात, त्यांना आतून-बाहेरून वॉर्निशचा हात द्या. धूळ सगळ्यात जास्त छळते ती एन आणि एचओईला, दोघांची इंजिनं हलकी म्हणून. चालवण्याआधी रुळांवरून स्पिरिटमध्ये भिजवलेलं सुती फडकं फिरवायची सवय लावून घ्या.

मग कोणी काय घ्यावं

गाडी धावताना बघायची आहे, लांब रेक आवडतात, हातकामाचा कंटाळा आहे: एन. पैसे सुरुवातीलाच एकरकमी जातील, पण पहिल्याच दिवशी वसूलही होतील. मुलं सोबत आहेत आणि खोली रिकामी आहे: एचओ. हाताला काम हवंय, जागा कपाटावरची आहे, आणि आपल्याच भागातली रेल्वे बांधायची आहे: एचओई. यात खर्च हप्त्याहप्त्याने होतो आणि मोठा वाटा मेहनतीचा असतो. काय घ्यावं ते अजूनही ठरत नसेल तर एचओईच घ्या. पुढे एनकडे वळावंसं वाटलं तर रूळ, सांधे, कंट्रोलर आणि चेसी सगळं तिथे चालतं, फक्त इंजिनाचं अंग, डबे, इमारती आणि झाडं बदलावी लागतात. एचओचे रूळ घेतले तर ही मुभा राहत नाही.

सुरुवातीला दोन सांधे, लवचीक रूळ आणि नेहमी मिळणारी एक चेसी एवढंच मागवा. खेड्यावर कुरिअरने दातेचक्र यायला वेळ लागतो, म्हणून दुर्मीळ चेसीच्या मोहात पडू नका. इंजिनाचं अंग कापायला घेण्याआधी नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात एकदा जाऊन या. २००२ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात नॅरोगेजची खरी इंजिनं आणि डबे जवळून बघता येतात. तिथल्या लोकांना विचारून डब्याची उंची, दाराची रुंदी, दोन खिडक्यांमधलं अंतर आणि पायरीची जाडी टेपने मोजून वहीत उतरवा, आणि घरी येऊन प्रत्येक आकड्याला ८७ ने भागा.